गृहीतक कोणाच्या मालकीचं?

डिसेंबर २०२३. नागपूरचं अधिवेशन. संशोधक विद्यार्थ्यांच्या छात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भर सभागृहात विचारते झाले, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार? मागाहून दिलगिरी आली. वर्तमानपत्रं दुसऱ्या बातमीला लागली. पण प्रश्न राहिलाच. आणि खरं सांगतो दोस्तहो, मला तो प्रश्न आवडला. कारण उत्तर शोधायला बसलो की मंत्र्यापेक्षा विद्यापीठाची पंचाईत जास्त होते, आणि थोडी आपलीही.

मी वऱ्हाडातला. माय दुसऱ्याच्या वावरात सरकी टोबायची, निंदण करायची, कापूस वेचायची. त्यावर मी गणितात एम.एस्सी. झालो, पहिल्या वर्गात. पुढे संशोधन करायचं म्हणून गुलाबी बोंडअळीचा विषय घेतला. बीटी कपाशीचं विष अळी कसं पचवायला शिकते, किती पिढ्यांत शिकते, त्याचं गणिती मॉडेल. विद्यापीठाच्या परिभाषेत त्याला प्रतिमान म्हणतात. आपण मॉडेलच म्हणू. हा विषय घेऊन एका विभागात गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

सरांनी ऐकून घेतलं. चहा सांगितला. मग म्हणाले, "हे थिअरीचं काम आहे. तुम्हाला झेपायचं नाही असं मी म्हणत नाही. पण तुमचा खेड्याशी संपर्क आहे, लोक तुमच्याशी मोकळं बोलतात. तुम्ही असं करा, दोनशे शेतकऱ्यांचा सर्व्हे करून आणा. समीकरणाचं आमचा दुसरा विद्यार्थी बघतोच आहे."

बघा ही वाटणी! वेचणी आमच्याकडे, जिनिंग त्यांच्याकडे. कापसाची झाली तशी आकड्यांचीही झाली. उन्हातान्हात फिरून माहिती वेचायची आम्ही, गाठी बांधून त्यावर आपला शिक्का मारायचा त्यांनी. आणि हे सगळं किती गोड बोलून! शिवी दिली असती तर परवडलं असतं, निदान पोलिसात जाता आलं असतं. चहा पाजून केलेल्या अस्पृश्यतेला कोणतं कलम लावायचं?

मी सर्व्हेला नाही म्हटलं आणि उठून आलो. रात्री मायला विचारलं, "माय, बीटीच्या थैलीसंगं ते रेफ्युजीची लहान पुडी येते, तिचं काय करतात वं?"

इथं जरा थांबून त्या पुडीची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण सगळं मॉडेल त्या पुडीत आहे. बीटी कपाशी भारतात २००२ साली आली. ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या, बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळायची. नियम असा की बीटीच्या सभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते लावायचं. कशासाठी? तर अळ्यांना खायला. ऐकून हसू येतं, पण हिशेब पक्का आहे. समजा, विष पचवणारं जनुक हजारात एक आहे. अळीला ते आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून मिळालं तरच ती विषातून वाचते. म्हणजे अशी अळी हजार गुणिले हजार, दहा लाखांत एक. पण नुसत्या बीटीच्या वावरात बाकी सगळ्या मरतात आणि वाचलेल्यांची लग्नं वाचलेल्यांशीच लागतात. झालं, अख्खी पैदास विष पचवणारी. शेजारच्या साध्या ओळींत मात्र हजारो भोळे पतंग तयार होतात. वाचलेला एखादा पतंग त्यांच्यात मिसळतो, पिल्लांना जनुक एकाच बाजूनं मिळतं आणि ती विषानं मरतात. अशानं बीटी बरीच वर्षं टिकेल, असं मॉडेल म्हणतं.

मॉडेल खोटं नव्हतं. मॉडेल गृहीतकांवर उभं होतं. विष पुरेसं जालीम असेल, हे एक गृहीतक. पतंग कोणताही भेद न पाळता जोडीदार निवडतील, हे दुसरं. आणि शेतकरी ती पुडी पेरील, हे तिसरं.

माय म्हणाली, "पुडी? ते त मालक धुऱ्यावर फेकून देते. एवढ्या जागंत अळ्या पोसाले कोन लावन बाबू? फुकट जागा कोन देते?"

एका वाक्यात तिसरं गृहीतक खलास. तेही पेरणीच्या दिवशी, धुऱ्यावर उभं राहून. तिला ते २००९ साली माहीत होतं, २०१० साली माहीत होतं, कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. मार्च २०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीनंच जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला पचवू लागली आहे. मग दुसरी पिढी, दोन जनुकांची, तीही गेली. २०१७ च्या हंगामात आपल्याकडे बोंडं फोडली की आत अळी. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधेनं वीसाहून जास्त माणसं मेली. पाठीवर पंप कोणाच्या असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

पहिलं गृहीतकही इथं लंगडंच होतं. अमेरिकेत सरळ वाण पेरतात, आपल्याकडे संकरित विकलं. संकरिताच्या बोंडात सगळी सरकी सारखी नसते. एका जनुकाचा हिशेब धरला तर चारात एक सरकी बिनविषाची निघते. आणि गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते! नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांथी यांनी हा मुद्दा मांडलेला आहे. म्हणजे हे तपासायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे, आणि ज्यांना धुऱ्यावरची पुडी दिसते त्यांची पोरंही इथंच आहेत. ती पोरं समीकरणाच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत, एवढंच.

आता दुसऱ्या गृहीतकाकडे या. पतंग भेद न पाळता जोडीदार निवडतात. पतंगांत जात नाही, त्यामुळे हे धकतं. माणसांचं मॉडेल करायचं तर भारतात हे पहिल्या ओळीतच कोसळतं. आणि ते कोसळतं हे ज्यानं मांडलं तोही पदवीच्या पुढचं शिकणारा विद्यार्थीच होता, छात्रवृत्तीवर जगणारा.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचतात. आपल्याकडे या निबंधाची जयंतीला आरती होते, वाचणारे कमी. वाचा म्हणजे कळेल की तो सर्व्हे नाही. त्यात महारांची घरं किती, विहिरी किती, साक्षर किती, असलं काहीही नाही. ते शुद्ध मॉडेल आहे. एक गट घ्या. त्यानं ठरवलं की बाहेर लग्न करायचं नाही. मग गटात बाया आणि पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पण नवरा मेला की एक बाई शिल्लक उरते, बायको मेली की एक पुरुष शिल्लक उरतो. या उरलेल्यांचं काय करायचं? बाईला जाळायचं नाही तर विधवा म्हणून कोंडायचं. पुरुषाला जाळता येत नाही, तो मालक! त्याला संन्यास द्यायचा, नाही तर अजून लग्नाला न आलेली पोरगी द्यायची. सती, वैधव्य, बालविवाह, तिन्ही एका हिशेबातून निघाले. मग वरच्यानं दार लावलं की खालचे नक्कल करतात, आणि ज्यांना नक्कल करायची नव्हती त्यांच्यावरही दार बाहेरून लागतं.

रिस्ले, नेस्फील्ड, सेनार्ट अशा बड्या साहेबांना त्यांनी त्यात अंगावर घेतलं. आणि आपले केतकर, पुढचे ज्ञानकोशकार, ज्यांचं शिक्षण अमरावतीत झालं आणि डॉक्टरेट अमेरिकेत, त्यांची जातीची व्याख्या इतरांपेक्षा बरी म्हणून मान्य केली, पण लगेच दाखवलं की त्यांनी सांगितलेली दोन लक्षणं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पोरानं असं बोलायचं असतं, बाबांनो. मान देऊन, पण चूक दाखवून.

त्या मॉडेलचा गाभा असा की आधी मिसळ होती, कुंपण नंतर पडलं. २०१३ साली हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांची जनुकं तपासून सांगितलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथं सरसकट मिसळ झाली आणि मग थांबली. सती-वैधव्याचा भाग यानं सिद्ध होत नाही, उगाच टाळ्या पिटू नका. पण आधी काय आणि नंतर काय, हा क्रम जुळतो. रक्त तपासायची सोय नव्हती त्या काळात, नुसता विचार करून, सत्त्याण्णव वर्षं आधी! आता बोला, काय दिवे लावणार?

त्याच माणसाला एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकू दिलं नव्हतं, फारसी घ्यावी लागली. ही बामणी तऱ्हा फक्त आपल्याकडेच होती असं नाही. हॉलंडात व्हॅन डर वाल्स नावाचा सुताराचा पोरगा होता, शाळामास्तर. ग्रीक-लॅटिन येत नाही म्हणून विद्यापीठाच्या परीक्षेला बसायची सोय नाही. पुढे कायदा बदलला, सूट मिळाली, आणि १८७३ साली पस्तिसाव्या वर्षी त्यानं लायडेनला प्रबंध दिला. तोवर शास्त्रज्ञ आदर्श वायूचं मॉडेल वापरत. त्यात गृहीत असं की वायूचा कण जागा व्यापत नाही आणि शेजारच्याशी त्याचं काही घेणंदेणं नसतं. सुताराच्या पोरानं म्हटलं, कणाला जागा लागते. आणि कण एकमेकांना ओढतात. समीकरणात ही दोन पदं घातली, आणि वायूचा द्रव कसा होतो ते उलगडू लागलं. १९१० साली नोबेल.

कणाला जागा लागते! गावकुसाबाहेरच्या माणसाला हे शिकवायला लागतं का? ज्याच्या सात पिढ्या जागा शून्य धरलेल्या मॉडेलात राहिल्या, त्याला हे गृहीतक सगळ्यात आधी खुपणार.

आता आपल्याच घरात. आपली पोरं पीएचडी करतात, पुष्कळ करतात. विषय काय? अमुक तालुक्यातल्या अनुसूचित जातींची सामाजिक-आर्थिक स्थिती, एक अभ्यास. दुसऱ्यानं तालुका बदलायचा, तिसऱ्यानं जात. काही प्रबंध मोलाचे आहेत, ते नाकारत नाही. अत्याचाराची नोंद कोणी तरी ठेवायलाच हवी होती. पण सगळ्यांनी मिळून आपलीच गरिबी किती वेळा मोजायची? ती काही वाढली-घटली का ते बघायला तरी दहा वर्षं जाऊ द्या. आपले प्राध्यापकही पोराला हेच सांगतात, कारण त्यांनाही कोणी तरी चहा पाजून हेच सांगितलं होतं. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयावर प्रबंध छापला, त्यात केन्सच्या सुवर्ण विनिमय पद्धतीशी वाद घातला. त्यांना कोणी म्हणालं असतं, तुम्ही आपल्या लोकांचा सर्व्हे करा, तर?

छात्रवृत्तीची रड वेगळीच. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीत ८६१ संशोधक, सरकार म्हणालं २०० जणांनाच देतो. पोरं आझाद मैदानावर बसली तेव्हा कुठं सरकार हललं. महिनोन्‌महिने मैदानावर बसलेला माणूस समीकरण कधी सोडवणार?

१९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या देवळाचं दार उघडायचा प्रश्न होता. आज आपल्याला त्या देवळाची गरज नाही. पण विद्यापीठाच्या गाभाऱ्यात थिअरी बसली आहे आणि आपल्याला सभामंडपात आकडे वेचायला बसवलंय, हे दिसत असून आपण प्रसाद घेऊन परत येतो.

मी सध्या एका शाळेवर तासिका तत्त्वावर गणित शिकवतो. अळीचं मॉडेल रात्री करतो, मार्गदर्शक नाही, पुडी पेरलीच नाही असं धरून. रविवारी संध्याकाळी आमच्या विहारात पोट्ट्यांना बसवतो. पहिल्या रविवारी सात आले. फळ्यावर लिहिलं, समजा, हजारात एक अळी अशी आहे. आठवीतल्या पोरीनं हात वर केला.

"सर, हे हजारच कायले समजाचं? कोन मोजलं?"

उत्तर द्यायला मला दोन रविवार लागले, आणि तिचं समाधान अजून झालेलं नाही. फळा लहान पडतो. कोणाकडे मोठा पडून असेल तर आणून द्या.