म्हातारपणी मोठी मोटरहोम घेताय? घ्या, पण ती उभी कुठं करणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा, आणि घरात साठी-सत्तरीचं कुणी असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

अलीकडे एक प्रश्न मला सारखा येतोय. नुकतीच निवृत्त झालेली, मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात असलेली जोडपी विचारतात, "मोटरहोम घ्यावी म्हणतोय. लहान बरी का मोठी?" कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेले असतात, कुणाला मुलानं अमेरिकेत तसल्या गाडीतून फिरवून आणलेलं असतं. फंडाचे पैसे हातात आलेले असतात आणि गुडघे अजून साथ देत असतात. पंढरपूर, कोकण, नातवंडांकडे चक्कर, सगळं एकाच गाडीत करायचं असतं.

"या वयात हे काय खूळ?" म्हणणारे आपल्याकडे भरपूर आहेत. मी त्यातला नाही. आयुष्यभर मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते भरलेल्या माणसानं स्वतःसाठी गाडी घेतली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. त्यामुळे आधी त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो आणि मग मला जे म्हणायचंय त्याकडे येतो.

माझं मत असं, की दोघांनी आठ-पंधरा दिवस गाडीत राहायचं असेल आणि वय साठीच्या पुढं असेल तर लहान गाडीच्या मोहात पडू नका. तिशीतल्या पोराला लहान व्हॅन चालते. तो रात्री सीट मोडून अंथरूण करतो, सकाळी परत सीट करतो आणि आडोसा बघून विधी उरकतो. आपल्याला ते रोज झेपत नाही.

गाडी बघायला गेलात की पुढच्या गोष्टी बघा. पलंग कायमचा बसवलेला हवा, आणि जमलं तर दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. रात्री दोन वेळा उठणारा माणूस भिंतीकडेला झोपला तर प्रत्येक वेळी दुसऱ्याला ओलांडून जातो. वरच्या बर्थचा विचारही नको. संडास गाडीतच हवा, आणि त्याचं दार लावून आत बसता-उठता आलं पाहिजे. शोरूममध्ये लाज न बाळगता दार लावून बसून बघा. धरायला दांडी आहे का? पायरी किती उंच आहे? दहा वेळा चढा-उतरा, गुडघे काय म्हणतात ते ऐका. आत ताठ उभं राहता येतं का? इन्सुलिन घेत असाल तर गाडी बंद असतानाही फ्रीज चालतो का? या सगळ्याला जागा लागते, म्हणून मोठी गाडी. लांबी ही चैन म्हणून नको, या वयाची गरज म्हणून हवी.

आता मोठी म्हणजे केवढी? अमेरिकेत साधारण २० फुटी व्हॅनपासून ते बसएवढ्या ४०-४५ फुटी गाड्यांपर्यंत सगळं मिळतं. काहींच्या तर भिंती गाडी उभी केल्यावर बाहेर सरकतात आणि खोली रुंद होते. तिथंही सगळं सुरळीत नाही. राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडवर फार लांब गाडी मावत नाही. म्हणून अनेकजण मोठ्या गाडीमागं एक छोटी कार ओढत नेतात आणि दूध-भाजीला ती वापरतात. आपल्या घाटात असलं काही करायला जाऊ नका. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम दोघांना पुरते. ती आंबा घाट उतरू शकते आणि गावातल्या गल्लीतही, थोडं पुढं-मागं करून का होईना, वळते. बसएवढी गाडी घेतलीत तर हायवे सोडून कुठं जाता येणार नाही.

कागदपत्रांचं बघा. साध्या ट्रॅव्हलरमध्ये गादी आणि गॅस टाकून कुणी स्वस्तात देत असेल तर आधी पासिंग विचारा. आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन अशी नोंद हवी. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचा वाद तुमच्या गळ्यात. वजनाचंही तसंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो झाले, वर कपडे, धान्य, सिलिंडर, बॅटऱ्या. गाडी पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर घाला आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा. उतारावर ब्रेक लागायला हवेत, हा विषय हौसेचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालवणार कोण? आपल्याकडे पंचावन्न वय झालं की लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं. ब्रिटनमध्ये तर १९९७ च्या आधी लायसन्स काढलेल्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते, पण सत्तरी गाठली की ती मुभा आपोआप राहत नाही. डॉक्टरी तपासणी करून ती टिकवावी लागते, नाहीतर साडेतीन टनांवरची गाडी सोडावी लागते. तिथं मोठी मोटरहोम घेताना लोक आधी स्वतःचं वय मोजतात. आपल्याकडे हे कुणी मोजत नाही. बहुतेक घरांत गाडी एकटे काका चालवतात आणि काकू शेजारी बसतात. उद्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, साखर घसरून चक्कर आली, तर ती गाडी घाटात उभी राहणार. काकूंना शिकवा. नसेल जमत तर ड्रायव्हरचा खर्च धरूनच हिशेब मांडा.

इतकं सगळं मी एका निवृत्त एसटी ड्रायव्हर काकांना सांगत होतो. सगळं ऐकून ते म्हणाले, "पत्रकार, केवढी घ्यायची ते नंतर बघू. रात्री उभी कुठं करायची ते सांग."

माझ्या लेखी खरा प्रश्न हाच आहे.

अमेरिकेत म्हातारी माणसं मोठ्या गाड्यांतून आरामात फिरतात ती काही नुसत्या गाडीच्या जोरावर नाही. तिथं बासष्ट वर्षांवरच्या नागरिकाला ८० डॉलरमध्ये सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाजवळ सरकारी जमिनीवर १९८३ पासून हिवाळाभर गाडी लावून राहायची सोय आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना काढून राहा. पाणी, कचरा आणि गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायची जागा, हे सगळं तिथं आहे. पासष्टीनंतर मेडिकेअर आहे. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला तर अशाच भटक्या ज्येष्ठांच्या क्लबनं एक केंद्र चालवलंय. प्रकृती साथ देईनाशी झाली तरी माणूस आपल्याच गाडीत राहतो आणि जेवण, देखभाल तिथल्या केंद्रातून मिळते.

तिकडं सगळं गोडच आहे असं माझं म्हणणं नाही. 'नोमॅडलँड' सिनेमा अनेकांनी पाहिला असेल, २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. घर परवडत नाही म्हणून उतारवयात व्हॅनमध्ये राहणारी, हंगामी कामं करत फिरणारी माणसं त्यात आहेत. आपल्याकडे ती वेळ कुणावर येऊ नये. पण रस्त्यावर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी, सपाट जागा आणि संडास लागतो, ही साधी गोष्ट त्या देशानं ओळखली. आपण ओळखलीय का?

आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅनचाही विचार होता आणि कॅरॅव्हॅन पार्कचाही. त्याच वर्षी केरळनंही असंच धोरण आणलं. कल्पना चांगलीच आहे. पण धोरण येऊन इतकी वर्षं झाली, आणि आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या एकाही रस्त्यावर मोटरहोम रात्रभर सुरक्षित लावता येईल, पाणी भरता येईल आणि मैल्याची टाकी रीतसर रिकामी करता येईल अशी एकही जागा मला दाखवा. मला सापडली नाही.

मग लाखो रुपये घालून गाडी घेतलेला माणूस काय करणार? पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात गाडी लावणार, हॉटेलवाल्याच्या हातापाया पडणार. आणि टाकी? कुणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलतो. सोय नसेल तर रात्रीच्या अंधारात ती ओढ्यात, गटारात रिकामी होणार. खाली त्याच ओढ्यावर कुणाची तरी विहीर आहे. गाडीतला आराम हा मग त्या गाडीपुरता राहत नाही, गावाच्या आरोग्याचा विषय होतो.

आता कमेंटमध्ये येणारा सवाल आधीच घेतो. "पत्रकारसाहेब, गावात मोटरहोम घेणारे असतील चार. त्यांच्या हौसेसाठी आमच्या कराचे पैसे कशाला?"

सवाल रास्त आहे. उत्तर असं, की ही जागा त्या चौघांसाठी मागतच नाहीये.

ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरीवरच्या ज्येष्ठांना प्रवास फुकट आहे. पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे. २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट झालं. चांगल्या योजना आहेत, मी त्याचं स्वागतच केलं होतं. पण एखाद्या आजीला विचारा, प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाणी किती पिते. पीत नाही. वाटेत जायची वेळ आली तर जाणार कुठं? स्टँडवरचं स्वच्छतागृह ओलं, निसरडं, बसायला भारतीय पद्धतीचं, आणि धरायला काही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई तिथं बसली तर उठणार कशी? मधुमेह असलेले, प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा तर दोन तासांवरच्या लेकीकडेही जायचं टाळतात. कारण विचारलं तर सांगतात, "आता प्रवास नको वाटतो." प्रवास नको वाटत नसतो. वाटेत होणारी फजिती नको असते.

म्हणजे तिकीट माफ झालं, तरी माणूस घरातच बसला.

मोटरहोमवाल्या निवृत्त साहेबाला जे हवंय आणि एसटीतल्या आजीला जे हवंय ते एकच आहे. साहेबांनी तो प्रश्न स्वतःच्या पैशानं गाडीत बसवून नेला एवढंच. संडास सोबत न्यायची वेळ यावी इतका आपला रस्ता गरीब आहे, असाही त्याचा अर्थ होतो.

म्हणून माझी मागणी मोठ्या पार्कची नाही. तालुक्यात एक, हायवेलगत, सरकारी जागेवर छोटा थांबा करा. त्यात एवढंच हवं:

१. आठ-दहा गाड्या लागतील अशी सपाट, उजेड असलेली जागा. मोटरहोम, यात्रेचा ट्रॅव्हलर, लेकीला दवाखान्यात घेऊन निघालेली रिक्षा, कुणीही थांबू शकेल.

२. पिण्याच्या पाण्याचा नळ, आणि टाकी भरायला वेगळा नळ.

३. चार स्वच्छतागृहं. त्यातली निम्मी कमोडची, दोन्ही बाजूंना दांडी, दार बाहेर उघडणारं, आणि पायरीऐवजी उतार.

४. मैल्याची टाकी रिकामी करायला झाकण असलेला खड्डा, नीट बांधलेल्या सेप्टिक टाकीला जोडलेला.

५. सांभाळायला बचत गटाच्या महिला. मोटरहोमकडून रात्रीचे पैसे घ्या, चहा-नाश्त्याचा स्टॉल द्या. ज्येष्ठांना स्वच्छतागृह फुकट.

वारीच्या वाटेवर असेल तर पंढरपूरला निघालेल्यांनाही हाच थांबा उपयोगी पडेल. यात न समजण्यासारखं काही नाही. उद्घाटनाला नेते येतीलच, पण सहा महिन्यांनी दांडी जागेवर आहे का, नळाला पाणी आहे का, हे बघणारं कुणी हवं. ते काम आपण करू.

ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांना शेवटचं सांगतो. विकत घ्यायच्या आधी भाड्यानं घेऊन पाच-सात दिवस दोघं राहून बघा. तेही पावसाळ्यात. उन्हाळी संध्याकाळी प्रत्येक गाडी छान दिसते. बाहेर धो धो कोसळतंय, आतले कपडे वाळत नाहीत आणि दोघांपैकी एकाला सर्दी झालीय, अशा दिवशीही ती आपली वाटली तर खुशाल घ्या. आणि घेतल्यावर थांब्यासाठी अर्ज करताना पहिली सही तुमची असू द्या. तुमचा आवाज साहेबांपर्यंत पोचतो, आजीचा पोचत नाही.

आता तुमच्याकडून एक हवंय. आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या रस्त्यांवर सत्तरीच्या माणसाला न घाबरता वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठं आहे? पंपावर, हॉटेलात, देवस्थानात, कुठंही. ठिकाण आणि जमलं तर फोटो कमेंटमध्ये टाका. वाईट ठिकाणांचे फोटो नकोत, ते माझ्याकडे ढिगानं आहेत. चांगली ठिकाणं सांगा. त्यांची यादी करून इथंच टाकतो, म्हणजे उद्या कुणाच्या आईला प्रवासाला निघताना पोटभर पाणी पिता येईल. जिथं एकही ठिकाण निघणार नाही, त्या रस्त्याची नोंद अर्जाला जोडून तहसील कार्यालयात देतो. सोबत यायचं असेल त्यांनी कळवा.