परतीचे तिकीट आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा

जर्मनीतील विद्यापीठात प्रवेश मिळालेला विद्यार्थी एकेरी तिकीट घेऊन विमानतळावर पोहोचतो आणि विमान कंपनीच्या काउंटरवर त्याला परतीचे तिकीट विचारले जाते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी निघालेल्याने परतीची तारीख सांगावी तरी कोणती?

कायदा पाहिला तर तो विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. शेंगेन सीमासंहितेच्या सहाव्या कलमातील प्रवासाचे प्रयोजन, पुरेसा पैसा, परतण्याची सोय या अटी ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी आहेत. त्याहून अधिक काळासाठीचा 'डी' वर्गाचा व्हिसा प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार देतो आणि अर्जदाराच्या हेतूची व आर्थिक स्थितीची छाननी दूतावासाने आधीच केलेली असते. घोटाळा होतो तो तारखांमुळे. जर्मनीचा 'डी' व्हिसा अनेकदा तीन किंवा सहा महिन्यांचाच असतो. पुढील निवासपरवाना तेथे गेल्यावर स्थानिक कार्यालयातून घ्यावयाचा असतो. व्हिसावरील तारीख तेवढी पाहणाऱ्याला हा प्रवासी तीन महिन्यांचा पाहुणा वाटतो.

विमान कंपनीने हा पहारा हौसेने पत्करलेला नाही. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार अपुरी कागदपत्रे असलेला प्रवासी आणणाऱ्या कंपनीस त्याच्यामागे किमान ३ हजार युरो, अथवा ज्याची कमाल मर्यादा ५ हजार युरोंपेक्षा कमी नाही असा दंड सदस्य देशांना ठेवता येतो. शिवाय त्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही कंपनीचीच. भारतानेही २००० च्या कायद्याने प्रवाशामागे १ लाख रुपयांचा दंड ठेवला होता. २०२५ च्या नव्या स्थलांतर व परकीय नागरिक कायद्याने त्याची जागा घेतली. परिणामी सीमेवरील अधिकाऱ्याच्या आधी काउंटरवरील कर्मचारीच निर्णय देतो, तोही काही मिनिटांत, संगणकावरील 'टिमॅटिक' नावाच्या नियमसंग्रहाच्या आधारे. संशय आला तर प्रवाशाला थांबवणे कंपनीला स्वस्त पडते. चुकीची किंमत विद्यार्थी मोजतो. विमान सुटते, तिकीट वाया जाते, प्रवेशाची मुदतही हुकू शकते.

अट सर्वत्रच गैर आहे असे नव्हे. फिलिपिन्सने जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला, त्यात परतीचे वा पुढील प्रवासाचे तिकीट मागणे रास्तच ठरते, कारण तेथे आधीची छाननीच नसते. दीर्घ व्हिसाबाबत मात्र देशादेशांचे नियम वेगळे आहेत, आणि मागणी होईल या भीतीने काहीजण बनावट आरक्षणाची पावती बाळगतात. हा उपाय रोगाहून घातक. खोटा कागद उघडकीस आल्यास वैध व्हिसाही धोक्यात येतो. परतावा मिळणारे तिकीट घेणे महाग, पण निर्धोक आहे.

खरी दुरुस्ती व्हिसा देणाऱ्यांच्याच हाती आहे. परतीच्या तिकिटाची आवश्यकता नाही, एवढे एक वाक्य दूतावासांनी व्हिसासोबतच्या पत्रात लिहून दिले, तर काउंटरवरील कर्मचाऱ्याला दाखवण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती लेखी आधार राहील. तोपर्यंत प्रवेशपत्र, निवासाचा पुरावा व खात्यातील रकमेचे कागद सामानात न टाकता हाताशी ठेवणे आणि नियमाची खातरजमा विमान कंपनीकडून आधीच लेखी करून घेणे, एवढेच विद्यार्थ्याच्या हाती उरते.