आवाज बसला, म्हणून गप्प बसू नका

गळ्याच्या उंचवट्यावर दोन बोटे हलकेच ठेवा आणि लांब ‘स्स्स’ म्हणा. काही जाणवत नाही. आता ‘म्म्म’ म्हणा. लगेच थरथर लागते. आपला आवाज तिथूनच निघतो.

श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र असते. त्यात दोन स्वरतंतू असतात. पुरुषांत ते साधारण 20 मिलिमीटर लांब, स्त्रियांत 15 आणि मुलांत त्याहून आखूड. श्वास घेताना ते दूर होतात, बोलताना जवळ येतात. फुफ्फुसांतली हवा मधल्या फटीतून निघाली की ते थरथरतात. बाई बोलत असेल तर सेकंदाला सुमारे दोनशे वेळा. वयात येताना मुलाचे तंतू लांब व जाड होतात, म्हणून त्याचा आवाज फुटतो.

मात्र तिथे तयार होतो तो नुसता नाद. त्याची अक्षरे घसा, जीभ, टाळू, दात आणि ओठ घडवतात. मकतबात मुले हेच मखरज शिकतात: ‘ऐन’ हलकातून, ‘काफ’ जिभेच्या मुळापासून, ‘मीम’ ओठांतून. इब्ने सीना (980–1037) यांनी तर अक्षरांचे ध्वनी कसे निर्माण होतात यावर स्वतंत्र रिसाला लिहिला आणि त्यात स्वरयंत्राची रचनाही सांगितली.

आवाज दूर पोहोचतो तो श्वासाच्या आधाराने आणि तोंड-नाकाच्या पोकळीत घुमल्याने. घसा ताणल्याने नव्हे. पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज दांडगा नव्हता; बारीक आणि गोड होता. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तरी त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकल्या जातात.

आपण मात्र घसा ताणतो. वर्गात शिक्षिका, बाजारात विक्रेते, घरात मुलांमागे धावणारी अम्मी. रोजच्या ओरडण्याने स्वरतंतूंवर गाठी येतात आणि आवाज घोगरा होतो. मग आपण खडीसाखर चघळत महिने काढतो. आवाज बसला तर कमी बोलावे, पाणी भरपूर प्यावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेच. घरात कोणी तंबाखू, गुटखा किंवा विडी घेत असेल, तर त्यांच्या बाबतीत अजिबात चालढकल नको. घोगरेपणा ही स्वरयंत्राच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, आणि तो लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.