सास्तीचा कोळसा संग्रहालयात पोचला, सुरजागडचं लोखंड कधी?

आलापल्लीच्या चौकात उभं राहिलं की सुरजागडकडून येणाऱ्या लोहखनिजाच्या गाड्या दिसतातच. किती माल गेला, किती पोरांना काम मिळालं, रस्त्याची काय हालत झाली, यावर अहेरीतल्या प्रत्येक चहाटपरीवर चर्चा चालते. पण या सगळ्यात आपण स्वतः कसे बदलतोय, हे कोण नोंदवून ठेवतंय?

हा प्रश्न पडायला कारण आहे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातला एक चित्रकार. प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६, गाव राजुरा तालुक्यातलं सास्ती. आजूबाजूला कोळसा खाणी आणि घरातल्या तीन पिढ्या खाणकामाशी जोडलेल्या. २०२१ मध्ये त्यांचं काम वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात लागलं. निमित्त होतं ‘आर्टेस मुंडी’ या आंतरराष्ट्रीय कला पुरस्काराचं. अंतिम यादीत जगभरातले सहा कलावंत होते. परीक्षकांनी एकाला न निवडता सहाही जणांना विजेते ठरवलं आणि प्रत्येकाला १० हजार पौंड दिले.

बातमी एवढीच. पण खरी गोष्ट पुढे आहे.

कोळशाचं नातं

वेल्स हाही कोळशाचाच मुलुख. १९८४-८५ चा खाण कामगारांचा मोठा संप तिथल्या घराघरात अजून आठवला जातो. नंतर खाणी एकेक करून बंद पडल्या. ‘बिग पिट’ नावाची खाण तर १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये पर्यटकांसाठी उघडली. आज ते राष्ट्रीय कोळसा संग्रहालय आहे. पाचपुतेंनी वेल्सच्या खाण कामगारांच्या जुन्या नोंदी अभ्यासल्या, त्यांना महाराष्ट्रातल्या खाणपट्ट्याचा आपला अनुभव जोडला आणि चित्रं व मोर्चात असतात तसे बॅनर तयार केले. दोन देश, दोन भाषा, पण अंगावरची काजळी एकच.

त्यांची चित्रं बघाल तर आधी थोडं दचकायला होतं. माणसाच्या धडावर डोक्याऐवजी दिवा, घर किंवा अवजार. कुठे माणूस, जनावर आणि यंत्र एकमेकांत मिसळलेले. बरीच चित्रं चारकोलने काढलेली, म्हणजे लाकडाच्या कोळशाने. खाणीतला कोळसा नव्हे तो, पण रंग तोच.

आपण तरी कुठे एकाच जगात राहतो?

‘दोन संस्कृतींमध्ये जगणं’ म्हटलं की आपल्याला अमेरिकेतली मराठी मुलं आठवतात. पण तुमच्याकडेच बघा ना. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, मोबाईलवर हिंदी. प्राणहिता ओलांडली की तेलंगणा. आता त्यात आणखी एक सीमा आली आहे, जंगल आणि खाणीची. एकाच घरात आई मोहफुलं वेचते आणि मुलगा हेल्मेट घालून शिफ्टला जातो. ज्या सुरजागडला लोक ठाकूरदेवाच्या यात्रेला जातात, तिथूनच खनिज निघतं.

यात एक बाजू निवडा, असं आपल्याला सारखं सांगितलं जातं. पाचपुतेंचं काम सांगतं की दोन्ही जगांत पाय ठेवून उभं राहणाऱ्यालाच काही गोष्टी दिसतात.

अर्थात, नुसतं कौतुक करून भागणार नाही. चंद्रपूरची गोष्ट मांडण्यासाठी पाचपुतेंना आधी शिल्पकला शिकायला छत्तीसगडमधल्या खैरागडला आणि मग बडोद्याला जावं लागलं. कार्डिफच्या भिंतीवर चित्र लागलं म्हणून खाणीत गेलेलं शेत परत येत नाही. आणि ज्यांची ही गोष्ट आहे, त्यातले किती जण कार्डिफला जाणार? कोरोनामुळे संग्रहालय बंद असल्याने ते प्रदर्शन आधी ऑनलाइन उघडलं, तेवढाच काय तो अपवाद.

म्हणूनच आपल्यापुढची संधी मोठी आहे. वेल्सने खाणी बंद पडल्यावर आठवणी गोळा केल्या. सास्तीची गोष्ट तिसऱ्या पिढीने चित्रात आणली. आपल्याकडे खाण नवी आहे आणि जुनं जग आठवणारी माणसं अजून समोर बसली आहेत. तुम्ही खाणीच्या बाजूने असा की विरोधात, नोंद दोघांनाही लागणार आहे.

‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असं घरचे विचारतील. विचारू द्या. सुरुवातीला मोबाईल पुरे. डोंगरांची, नाल्यांची माडिया नावं आजीच्या आवाजात रेकॉर्ड करा. शिफ्टवरून आलेल्या भावाशी बोला. गावातल्या घरांच्या भिंती बदलण्याआधी त्यांचे फोटो काढा. आणि हे सगळं जपून ठेवायला एखादं दालन द्या, अशी मागणी गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे करा.

सास्तीच्या पट्ट्यातून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होऊन अहेरीच्या काठाने जाते. कोळशाच्या गावांनी जे भोगलं आणि शिकलं, ते आपल्यापासून फार लांब नाही.