शीर्षभागातील तारीख

आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मराठी शिकविणाऱ्या आम्हां दोघांना या गोष्टीचा अभिमान आहे. या कवीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत गाव, गोत्र, आजोबा, आईवडील सारे सांगितले; काळ मात्र सांगितला नाही. ‘राजतरंगिणी’त यशोवर्म्याच्या आश्रित कवींत त्याचे नाव येते, म्हणून त्याला आठव्या शतकात बसवायचे. उलट ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ ची नोंद आहे आणि तेवढ्या एका आकड्यावर वाङ्मयेतिहासाची केवढी तरी मांडणी उभी आहे. कालनिश्चितीचे हे महत्त्व आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. आमच्याच टेबलावर मात्र ते विसरलो.

२०२४ साली दोन विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांत चार पाने जवळजवळ सारखी निघाली. एकाने आपला मसुदा २० मार्चला दिला होता. दुसरीच्या छापील प्रतीच्या शीर्षभागात ३/४/२०२४ असे होते. आम्ही ते ३ एप्रिल असे वाचले आणि नक्कल तिनेच केली, असे मनाशी ठरवूनही टाकले. ती रडवेली होऊन म्हणाली, “सर, मी मार्चमध्येच दिलं होतं.” खात्रीसाठी तिची फाईल उघडली, तर तेथे त्याच दिवसाची तारीख! अखेर छापील प्रतीच्या समासात आमच्याच हातचा शेरा सापडला: ‘पाहिले, ६ मार्च’. संगणकाने अमेरिकी रीतीने महिना आधी छापला होता. ती तारीख ४ मार्च होती. आम्ही तिची क्षमा मागितली.

दोष यंत्राचा म्हणावा, तर ते सांगितलेलेच करते. वर्डमध्ये हेडरात तारीख घालताना ‘आपोआप अद्ययावत करा’ ही खूण राहिली, तर ती तारीख लेखनाची राहत नाही. फाईल उघडण्याच्या वा छापण्याच्या दिवसाची होते. ती खूण काढावी. लिबरऑफिसमध्ये ‘स्थिर’ तारखेचा पर्याय आहे, तो घ्यावा. आणि महिना अक्षरांत लिहावा. आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो दिवस १/५/१९९९ असा लिहिला, तर अमेरिकी वाचक तो ५ जानेवारी समजेल. ‘१ मे १९९९’ लिहिल्यावर शंकेला जागाच उरत नाही.

कोणी म्हणेल, ही कारकुनी बाब. साहित्याच्या अभ्यासकांनी तीत का पडावे? आम्हांस नेमके उलट वाटते. जुन्या मराठी कागदांवरील चंद्र, सन आणि शक यांचा मेळ घालण्यात संशोधकांनी आयुष्ये वेचली. त्या कागदांवरची तारीख अपुरी असेल, पुसट असेल. पण ती वाचणाऱ्याच्या सोयीने बदलत तरी नव्हती. आपले कागद मात्र जो उघडेल त्याला त्याचाच दिवस दाखवितात. भवभूतीने काळ सांगितला नाही, एवढेच. खोटा सांगितला नाही.

यंदापासून आमच्या विभागात प्रत्येक मसुद्यावर स्थिर तारीख, महिना अक्षरांत, आणि शिक्षकाच्या शेऱ्याखाली त्याच्या हातची तारीख असा नियम आम्ही केला आहे. आपणही करावा, ही विनंती.