डिटेक्टर भिंतीवरून उतरवा, मागची तारीख वाचा

अमेरिका आणि कॅनडातील मराठी कुटुंबांनो,

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बहुतेक ठिकाणी घड्याळं एक तास मागे जातील. त्याच दिवशी घरातला प्रत्येक कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर खाली उतरवून त्याच्या मागची तारीख वाचा, ही आग्रहाची विनंती.

थंडीत दारं-खिडक्या बंद असतात आणि फर्नेस रात्रभर चालतो. फर्नेस, गॅसचा वॉटर हीटर किंवा गॅरेजमध्ये चालू राहिलेली गाडी यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. फ्लू समजून माणूस झोपतो आणि उठतच नाही. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार, आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी 400 हून अधिक माणसं दगावतात.

डिटेक्टरमधला सेन्सर मात्र कायम टिकत नाही. मॉडेलप्रमाणे त्याचं आयुष्य साधारण 5 ते 10 वर्षं. मागे बदलण्याची तारीख छापली असेल तर ती पाळा. फक्त उत्पादनाची तारीख असेल तर कंपनीने सांगितलेली वर्षं तिथूनच मोजा, भिंतीवर लावल्यापासून नव्हे. तारीख सापडलीच नाही, तर नवा घ्या.

टेस्टचं बटण दाबल्यावर वाजतो म्हणून निश्चिंत राहू नका. त्यातून बॅटरी आणि भोंगा चालू असल्याचं कळतं. सेन्सर वायू ओळखतो का, हे कळत नाही.

दोन आवाज घरात सर्वांना ओळखता यायला हवेत. थोड्या थोड्या वेळाने एकच ‘चिक्’ झालं, तर बॅटरी बदला. तरीही थांबलं नाही, तर डिटेक्टर बदला. लागोपाठ चार बीप, थोडा खंड आणि पुन्हा चार, असं वाजलं तर सगळ्यांनी तत्काळ बाहेर पडा, 911 ला फोन करा आणि अग्निशमन दलाने सांगेपर्यंत आत जाऊ नका. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही हे आवाज ऐकवून ठेवा. दिवसभर घरात तेच असतात.

प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमच्या बाहेर डिटेक्टर हवाच. भाड्याच्या घरात राहत असाल, तर घरमालकाला आजच लेखी विचारा. ओळखीत नुकतंच आलेलं कुटुंब किंवा विद्यार्थी असतील, तर त्यांच्या घरचा डिटेक्टरही सोबत जाऊन तपासून द्या.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी