हात नव्हे, पाठीचा कणा

इटालियन शिकवणाऱ्या पुस्तकांत हातवाऱ्यांच्या चित्रांचे एक पान बहुधा असतेच. पाचही बोटांची टोके जुळवून मनगट हलवले की 'म्हणणे काय तुझे?', तर्जनी गालात रुतवून फिरवली की 'चविष्ट!' वर्गात हशा पिकतो आणि इटालियन माणूस हातांनी बोलतो हा समज पक्का होतो. आमचा आक्षेप त्या पानावर नाही. त्या पानापाशी देहाचा विषय संपला, असे मानण्यावर आहे.

वस्तुतः इटालियन मूल हात आवरण्याच्या आज्ञाही तितक्याच ऐकते. जेवणाच्या टेबलाशी 'स्ताय कोंपोस्तो', कुणाकडे बोट केले की 'नोन सि इंदिका'. या दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही. आपल्या 'बोट दाखवू नये'प्रमाणेच ते कुणा एकाचे सांगणे नसून जनरीतीचे आहे. 'कोंपोस्तो'चा मूळ अर्थ 'एकत्र रचलेला'. आईच्या तोंडी मात्र तो आपला रोजचा 'नीट बस'. मराठी विद्यार्थ्याला हे क्षणात उमगावे. पण आम्ही शिकलो ते इंग्रजीच्या वळशाने, आणि त्या वाटेवर हा शब्द आम्हांला भेटलाच नाही.

चित्रांमागची परंपराही अर्धीच सांगितली जाते. आंद्रेआ दे योरिओ या धर्मगुरू-पुरातत्त्वज्ञाने १८३२ साली हातवाऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला, तो नेपल्सच्या लोकांविषयी. प्राचीन कलाकृतींतील मुद्रांचा अर्थ त्यांच्या आधारे लावावा, हा त्याचा हेतू. एका शहराचे ते वर्णन पुढे अख्ख्या देशाच्या माथी मारले गेले. उलट जोव्हान्नी देल्ला कासाचा 'गालातेओ' (१५५८) इतका मुरला की त्याचे नावच इटालियनमध्ये 'शिष्टाचार' या अर्थाचे सामान्यनाम झाले. त्यात एक वृद्ध तरुणाला बजावतो: लोकांकडे पाठ करून बसू नये, नाक शिंकरल्यावर रुमाल उघडून आत माणके पडल्यासारखे न्याहाळू नये. (हा उपदेश आजही कालबाह्य झालेला नाही, असे आमचे लोकलमधले निरीक्षण.) हा ग्रंथ मात्र भाषेच्या वर्गात फिरकत नाही.

कुणी म्हणेल, नवशिक्यांना थोडी गंमत हवी. हवी ना! पण गरज कशाची आहे, हेही पाहावे. इटलीत डॉक्टर परक्या रुग्णाला 'ज्द्रायाति' म्हणत नाही, 'सि ज्द्राय' म्हणतो. 'आडवा हो' आणि 'आडवे व्हा' यांत जो फरक, तोच. पाठोपाठ येते 'त्रात्तेंगा इल रेस्पीरो', श्वास रोखून धरा. ही आदरार्थी रूपे 'कॉन्जुंतीव्हो'तून, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियारूपांतून घेतलेली. आणि ते प्रकरण कठीण ठरवून अनेक अभ्यासक्रम पार शेवटाकडे ढकलतात. परिणामी वर्षभर शिकलेला विद्यार्थी गालावर बोट फिरवून खानावळवाल्याला खूश करतो, आणि क्ष-किरणाच्या खोलीत, उभे राहावे की झोपावे हे न कळून, तंत्रज्ञाच्या हातांकडे पाहत राहतो.